आठवी-नववीसाठी भूगोल-इतिहासाचा 'हाताने करायचा' दिवस : प्रदर्शन नको, काय करता येईल? (ठाणे)

खडूफळा | ४ ऑक्टोबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवते, आणि गरजेपोटी इतिहासही. डिसेंबरात एक शनिवार 'उपक्रम दिन' म्हणून मिळालाय. मुलं साधारण १२०, शिक्षक चार, पैसे जवळजवळ नाहीत.

गेल्या वर्षीचं सांगते म्हणजे प्रश्न कळेल. शाळेने हा दिवस बाहेरच्या एका कंपनीला दिला होता. दर मुलामागे पैसे घेऊन त्यांनी फुगवलेला तंबू आणला, मुलांच्या डोक्याला फेटे बांधले, पुठ्ठ्याच्या तोफेशेजारी उभं करून फोटो काढले आणि संध्याकाळी प्रत्येकाला प्रमाणपत्र दिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काल काय शिकलात? एक मुलगा म्हणाला, "बाई, फेटा टोचतो."

त्याच्या आदल्या वर्षी प्रदर्शन केलं होतं. थर्माकोलचा ज्वालामुखी, थर्माकोलचा रायगड. ते कोणी केले होते हे पालकांच्या बोटांवरच्या फेव्हिकॉलवरून कळत होतं.

या वेळी मुलांनी स्वतः काही मोजावं, वाचावं, कोणाला तरी विचारावं, आणि चुकलं तर चुकावं असं वाटतं. शाळेच्या आवारात किंवा चालत जाता येईल एवढ्या अंतरात. सुचवा.

तिरकस | ४ ऑक्टोबर, रात्री १०:५१

सुचवतो. दहावीत भूगोलाला ४० मार्क आहेत. त्यातले या दिवसाने किती वाढणार, ते आधी मुख्याध्यापकांना सांगून ठेवा. ते विचारणारच.

नववीची_आई | ४ ऑक्टोबर, रात्री ११:१५

फेव्हिकॉलवाल्या पालकांपैकी एक मी. रायगड माझाच होता, टकमक टोक जरा वाकडं झालं होतं. रात्री दीडपर्यंत जागले होते हो. परत नको, हात जोडते.

पण एक खरंच सांगते. बाहेर नेणार असाल तर मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय आधी बघा. येऊरला एकदा गेले होते मुलीच्या वर्गाबरोबर. दिवसभर मुली पाणीच प्यायल्या नाहीत.

खडूफळा | ५ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

@नववीची_आई, पटलं. येऊर तसंही बाद. राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, परवानग्या काढण्यातच डिसेंबर उजाडेल.

@तिरकस, दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण 'क्षेत्रभेट' आहे. आणि ते बहुतेक शाळांत बाकावर बसून शिकवलं जातं. मुख्याध्यापकांना हेच सांगणार आहे.

पारसिक | ५ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

मी निवृत्त अभियंता, राहायला कळव्यात. ठाण्यात शाळा असून रेल्वेचा विचार कसा नाही केलात?

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, ४०० निमंत्रित. हे मुलांना पाठ असतं. पुढचं कोणी विचारत नाही. त्या गाडीला लागली ५७ मिनिटं. म्हणजे वेग किती? मुलांना काढू द्या, ताशी छत्तीसच्या आसपास येतो. मग आजच्या धीम्या लोकलचं वेळापत्रक हातात द्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ठाण्याला धीमी लोकल आजही तासाभराच्या आसपासच घेते. मुलं आधी हसतील. मग त्यांना विचारा की मधली स्थानकं किती, थांबे किती, गाड्या किती. तिथून खरा धडा सुरू होतो.

पुढचा टप्पा नकाशाचा. १८५४ मध्ये लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणला पोचला. मधे पारसिकचा डोंगर. जुनी लाईन मुंब्र्याकडून वळसा घालून गेली. डोंगराच्या पोटातून सरळ जाणारा बोगदा १९१६ मध्ये सुरू झाला, सव्वा किलोमीटरपेक्षा थोडा जास्त लांब. स्थलनिर्देशक नकाशा द्या, समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाखवा आणि सांगा, "तुम्ही इंजिनिअर, लाईन कुठून न्याल?" बहुतेक मुलं वळसाच घेतील. कारण विचारा, चढ आणि खर्च हे दोन शब्द त्यांच्याच तोंडून येतील.

खडूफळा | ५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

काका, हे घेतलं! फक्त समोच्चरेषा मुलांना वाचता येत नाहीत, तो रोजचाच रडका विषय.

पारसिक | ५ ऑक्टोबर, रात्री ९:५२

बटाटा घ्या. मोठा, वेडावाकडा. उभा अर्धा कापून सपाट बाजू खाली करून पारदर्शक डब्यात ठेवा, टाचणीने खाली टोचून ठेवा नाहीतर सरकतो. एक सेंटिमीटर रंगीत पाणी ओता, पाण्याची कड बटाट्यावर पेनाने आखा. आणखी एक सेंटिमीटर, पुन्हा आखा. मग पाणी काढून वरून बघायचं आणि जसं दिसतं तसं कागदावर उतरवायचं. जिथे बटाटा उभा तिथे रेषा दाटीने, जिथे उतरता तिथे ऐसपैस. नातवाला एकदाच दाखवलं, परत विचारलं नाही त्याने.

तिरकस | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१०

आणि नंतर त्या बटाट्याचे वडे. हा उपक्रम मला मान्य.

बोरूबहाद्दर | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

हौसेने मोडी, म्हणजे जुनी मराठी लिपी, शिकवतो. पण मोडीच्या आधी एक स्वस्त आणि मस्त गोष्ट सुचवतो : शाळेची कोनशिला.

आमच्या जुन्या शाळेत हे केलं होतं. कोनशिलेवर दरवर्षी स्नेहसंमेलनाआधी ऑइलपेंटचा हात मारत. चार-पाच थर चढल्यावर अक्षरं बुजून गेलेली, डोळ्यांना नुसता गुळगुळीत दगड. मुलांनी पतंगाचा कागद वर ताणून धरला, चारी कोपरे चार जणांनी दाबले आणि मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हाताने घासत गेली. आधी नुसते डाग. मग एक काना. मग वेलांटी. पाच मिनिटांनी 'शके १८८४' एवढं स्वच्छ उमटलं. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे शाळा इंग्रजांच्या काळातली?" शकात ७८ मिळवायचे हे तिथे कळलं, १९६२ निघालं, आणि मग कार्यालयातल्या कागदांशी ताडून बघितलं.

त्याच दमात अंबरनाथच्या शिवमंदिराचं सांगायचं. तिथला शिलालेख शके ९८२ चा. मुलंच ओरडतील, १०६०! शिलाहार म्हणजे तेव्हाचे कोकणचे राजे; त्यांचं श्रीस्थानक म्हणजे आपलंच ठाणं, हे अशा वेळी सांगितलं तर डोक्यात राहतं.

एक मात्र बजावून सांगतो. हे घासणं शाळेच्या कोनशिलेपुरतंच. मंदिरातला लेख, वीरगळ, गधेगाळ असे जुने कोरीव दगड, यांवर खडू, तेल, पाणी, पीठ काहीही लावायचं नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक खडू फासतात आणि दगडाची वाट लावतात. तिरक्या उजेडात, सकाळी लवकर किंवा टॉर्च आडवा धरून फोटो काढा, अक्षरं आपोआप दिसतात.

मोडीसाठी दोन तास द्या, येतो. बोरू मी आणतो, तासायला मुलांनाच लावतो. आधी शिरोरेघ आखायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हे पोरांना फार आवडतं. आपलं नाव मोडीत लिहिलं की लगेच सगळे सही ठरवायला बसतात.

उघाडी | ६ ऑक्टोबर, रात्री ८:४५

आम्ही घणसोली गावठाणातले, आगरी. खाडीच्या पलीकडून दोन गोष्टी.

पहिली भरतीची. आमच्या आजीकडे घड्याळ नव्हतं. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, आली भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, बारशीला नऊ वाजता. सकाळी तशीच संध्याकाळी. मुलांना कॅलेंडर आणि छापील भरती-ओहोटीचं कोष्टक द्या आणि पंधरा दिवस ताडून बघायला सांगा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, खाडीत जेवढं आत जाल तेवढं पाणी उशिरा येतं. पण नियम लागतो. का लागतो? भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि आजीचा पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. आजी शाळेत गेली नव्हती. चंद्र रोज किती मागे पडतो हे तिने पुस्तकात वाचलेलं नाही, चिखलात पाय रुतवून शिकलीय. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हे दोन शब्दही शिकवा, पुस्तकातल्या शब्दांपेक्षा जिभेवर चांगले बसतात.

दुसरी गोष्ट इतिहासाची. नवी मुंबईतल्या मुलांना वाटतं हे शहर असंच होतं. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको, ती १९७० ची. ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईला त्याविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील, त्यांचं नाव विमानतळामुळे मुलांनी ऐकलेलं असतं, पण मागचं काही माहीत नसतं. मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडे पाठवा आणि एकच प्रश्न विचारायला सांगा : "तुमचं शेत आज कुठे आहे?" सोबत आजचा नकाशा न्यायचा आणि बोट ठेवायला सांगायचं. माझ्या पुतण्याने विचारलं तर काकांनी बराच वेळ बोट फिरवलं आणि एका मॉलच्या पार्किंगवर ठेवलं. मग खारबांध कुठून जायचा, उघाडी कुठे होती, मिठागराची हद्द कुठे, सगळं नुसत्या बोटाने सांगितलं. पोराने पेन्सिलीने आखून घेतलं. तो कागद आता घरात जपून ठेवलाय.

(माझं नाव त्यावरूनच. खाऱ्या पाण्याला अडवायला बांधात जी झडप असते ना, ती उघाडी.)

नववीची_आई | ६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

काटा आला वाचताना.

तिरकस | ६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

चांगलं आहे, पण म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हणजे इतिहास नव्हे. दोघं दोन गोष्टी सांगतील, मग बाई कोणतं फळ्यावर लिहिणार?

बोरूबहाद्दर | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

@तिरकस, दोन्ही लिहायच्या. मग मुलांना भांडू द्यायचं. ठाण्याचंच उदाहरण देतो. आजचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू कारभारी त्र्यंबकजी डेंगळे तिथे कैदेत होते आणि १८१६ मध्ये निसटले. हे पक्कं. पण बाहेर एक मोतद्दार (घोडे सांभाळणारा नोकर) घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा, त्यातून निरोप आत जायचा आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नसल्याने पत्ता लागला नाही, ही गोष्ट किती खरी? वर्गाचं कोर्ट करा. एक बाजू म्हणेल घडलं, दुसरी म्हणेल रचलं. कोणी ऐकलं, कोणी लिहिलं, किती वर्षांनी लिहिलं, लिहिणाऱ्याला त्यात काय मिळणार होतं, एवढे चार प्रश्न विचारता आले तरी दिवस सार्थकी.

कोल्हापुरी_भूगोल | ९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

उशिरा आलो धाग्यावर. खडूफळा ताई, मी कोल्हापुरात शिकवतो. एक गोष्ट दोन गावांनी मिळून करावी लागते, बरेच दिवस जोडीदार शोधत होतो.

एक मीटरची काठी मैदानात उभी रोवायची. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खुणावायचं. सगळ्यात आखूड सावली म्हणजे तुमची खरी दुपार. त्याच दिवशी आम्ही इथे तेच करतो. ठाणं साधारण १९.२ अंशांवर, कोल्हापूर १६.७ वर. दोन्ही सावल्यांवरून सूर्याचे कोन काढायचे, फरक येईल अडीच अंशांच्या आसपास. दोन गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर माहीत असलं की त्याला ३६० ने गुणायचं, कोनांच्या फरकाने भागायचं, पृथ्वीचा परीघ हातात. इरॅटोस्थेनिसने दोन हजार वर्षांपूर्वी हेच केलं.

दोन सूचना. काठी गवंड्याच्या ओळंब्याने सरळ करा, डोळ्याने नाही. आणि सावलीचं टोक धूसर असतं, चांगलं सेंटिमीटरभर. म्हणून टोकाला लोखंडी वॉशर आडवा चिकटवा. त्याच्या भोकातून उन्हाचा गोल ठिपका पडतो, त्याचा मध्य खुणावा. काठीची उंचीही मग वॉशरपर्यंत धरायची.

खडूफळा | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४८

सर, हे करायचंच. १४ डिसेंबर चालेल?

कोल्हापुरी_भूगोल | ९ ऑक्टोबर, रात्री १०:५०

पळेल.

खडूफळा | १५ डिसेंबर, दुपारी ४:१५

धागा वर काढतेय. झाला दिवस! घसा बसलाय, टाइप करून सांगते.

सगळं घेतलं नाही. चार शिक्षकांत चारच गोष्टी : बटाटा, कोनशिला-मोडी, डेंगळ्यांचं कोर्ट आणि सावली. 'शेत कुठे आहे' हे दिवाळीच्या सुट्टीत घरी करायला दिलं होतं, त्याचे ३१ नकाशे आले. त्यावर नंतर वेगळं लिहीन, इथे मावणार नाही. कळव्याच्या एका मुलाचे आजोबा नकाशा घेऊन स्वतःच शाळेत आले, एवढंच सांगते.

कोर्टात गोंधळ झाला. मोतद्दाराच्या बाजूचा वकील इतका छान बोलला की पुरावा शून्य असताना जिंकला. त्यावरून दुसरी बाजू अजून माझ्याशी बोलत नाही.

आता सावली. नववीचे सहा गट, सहा काठ्या. बाराला सगळे घड्याळाकडे बघत टाळ्या वाजवायच्या तयारीत. बारा वाजले, सावली आखूड होतच राहिली. सव्वाबारा झाले, तरी होतेय. मुलांना वाटलं प्रयोग फसला. सगळ्यात आखूड आली १२ वाजून ३३ मिनिटांनी. सर, तुमच्याकडे १२:२८ ला ना? हे पाच मिनिटांचं अंतर फोनवर कळलं तेव्हा एक मुलगी स्वतःहून म्हणाली, "म्हणजे सूर्य आधी त्यांच्याकडे पोचला, ते पूर्वेला आहेत." भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आणि आपण त्र्याहत्तरच्या आसपास, हे मी दहा वर्षं फळ्यावर लिहितेय. काल पहिल्यांदा कोणीतरी ते उन्हात उभं राहून बघितलं.

सावल्या आल्या ९०, ९१, ९१, ९२, ९१.५ आणि एक ९७ सेंटिमीटर. सत्त्याण्णववाल्यांनी ओळंब्याचा दोरा पतंगासाठी लांबवला होता, काठी तिरकी. त्यांना वगळायचं की नाही यावर मतदान घ्यायला निघाली होती मुलं. मी म्हटलं, मतदान नाही, ओळंबा लावा. लावला, काठी किती कलली होती ते दिसलं, गट गप्प.

बराच वाद घालून ठाण्याचे ९१.५ ठरले, कोल्हापूरचे ८३.५. गणिताच्या सरांनी टॅनचं कोष्टक काढून दिलं. कोन ४२.४६ आणि ३९.८६, फरक २.६ अंश. आता अंतर. एकाने मोबाईलवर बघून सांगितलं, पावणेचारशे किलोमीटर. गुणाकार केला, पृथ्वीचा परीघ ५२ हजार किलोमीटर!

मी गप्प बसले. फार कठीण गेलं गप्प बसणं. दहा मिनिटांनी मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, आपण बसने गेलो." मग ॲटलास काढला, अक्षांशांना काटकोनात सरळ खाली पट्टी लावली, आले पावणेतीनशे. परीघ ३८ हजार. पुस्तकातला ४० हजार.

तेवढ्यावर सोडतील तर ती नववी कसली. एका गटाने ९१.५ ऐवजी ९१ घालून बघितलं, साडेचाळीस हजार आले. अर्ध्या सेंटिमीटरला पृथ्वी अडीच हजार किलोमीटरने फुगली. त्यावर जी शांतता पसरली ती मला माझ्या तासाला आजवर मिळालेली नाही.

नववीची_आई | १५ डिसेंबर, सायंकाळी ५:०२

सत्त्याण्णववाल्यांत आमचे चिरंजीव होते. घरी येऊन सांगितलं नाही. आता कळलं पतंगाला दोरा कुठून आला ते.

पारसिक | १५ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

बस आणि बोगद्याचं गणित एकच आहे बघा. रस्ता डोंगराला वळसा घालतो, सूर्य घालत नाही. बटाट्याचं काय झालं?

खडूफळा | १५ डिसेंबर, सायंकाळी ५:४१

काका, आठवीने चाळीस बटाटे कापले. दोघांना समोच्चरेषांवरून कोणता बटाटा कोणाचा हे ओळखता आलं, तेच आम्ही स्पर्धेला घेतलं. वडे नाही केले, शाईचं पाणी होतं.

तिरकस | १५ डिसेंबर, सायंकाळी ६:१०

एवढं करून वडे नाहीत. निषेध. बाकी, ३८ हजार लिहिलं तर पेपरात मार्क कापतील, हे मुलांना सांगितलंत ना?

कोल्हापुरी_भूगोल | १५ डिसेंबर, सायंकाळी ६:२५

@तिरकस, आमच्या पोरांनी तेच विचारलं. मी म्हटलं, पेपरात पुस्तकातला लिहा आणि वहीत तुमचा.

ताई, ८३.५ वर माझ्याकडेही भांडण आहे, दोन गट ८४ वर अडून बसलेत. परत करायला पाहिजे. २१ मार्चला केलं तर सोपं पडतं, सूर्य विषुववृत्तावर असतो, सावलीचा कोन म्हणजे थेट आपला अक्षांश. पण तेव्हा परीक्षा तोंडावर.

संत्रानगरी | १५ डिसेंबर, रात्री ९:२०

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. नागपुरात शिकवतो. आम्ही २१ अंशांच्या थोडे वर. तुमच्या ठाणे-कोल्हापूरपेक्षा नागपूर-कोल्हापूर घेतलं तर फरक साडेचार अंशांच्या घरात जातो, मग अर्धा सेंटिमीटर चुकला तरी पृथ्वी एवढी फुगणार नाही. आम्हाले घेता का सोबत?

खडूफळा | १५ डिसेंबर, रात्री ९:३३

घेतलं. २१ मार्चचं मी मुख्याध्यापकांशी बोलते, दुपारची दोनच तासिका मागणार आहे. काठी वॉशरपर्यंत बरोबर एक मीटर, जागा सपाट, पाणसळ लावून बघा. आणि ओळंब्याचा दोरा दोन ठेवा, एक पतंगासाठी जातोच.